पाचवी खाच

अंतारसने पात्याला नखाने टिचकी मारली, चाकू कानाशी धरला आणि आवाज विरेपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिला. मग तोंड वाकडं करून तो बाकावर ठेवून दिला.

"काय म्हणतोय?" ईस्को लोहाराने विचारलं.

"खोकतोय."

"तुझे कान खोकत असतील, म्हाताऱ्या. त्या पात्याला मी माझ्या हाताने पाणी दिलंय."

"म्हणूनच म्हटलं."

ईस्को हसला आणि पुढचा चाकू काढायला वाकला. हे दोघे एकाच शाळेत, एकाच बाकावर बसून वाढलेले. लहानपणी बिरेतला वाटायचं की बाबांचं आणि ईस्कोकाकांचं हाडवैर आहे. एकमेकांना टाकून बोलल्याशिवाय त्यांची कॉफी खाली उतरत नाही, हे तिला पुष्कळ उशिरा कळलं.

ती दाराजवळच्या ओंडक्यावर बसली होती. हसू तिलाही आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. बाहेर सरोवरावरचं बर्फ फुटून आठवडा झाला होता; उत्तरेच्या उतारांवर तेवढे पांढरे पट्टे उरले होते. आता थोड्याच दिवसांत रेनडिअरचे कळप कुंपणात येतील, पाडसांचे कान कापले जातील. त्याआधी तिला आपलं काम उरकायचं होतं. त्यासाठीच ती ओउलू शहरातल्या औषधाच्या दुकानातून रजा काढून, एवढी गाडी हाकत इथवर आली होती.

काम बोलायला सोपं होतं. रानात जनावरांमागे राहणाऱ्या माणसाच्या कमरेला दोन चाकू असतात. मोठा लाकडं तोडायला, खांब तासायला, हाडं फोडायला. लहान खाण्याच्या वेळी, दोरखंडाच्या कामाला आणि उन्हाळ्यात कान कापायला. अंतारसच्या लहान चाकूचं टोक यंदाच्या हिवाळ्यात एक गोठलेली गाठ सोडवताना मोडलं, आणि ते ऐकून बिरेतला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. आता बाबांना एक छानसा मोठा चाकू आपल्याकडून घेऊन द्यायचा. लहान चाकूचा विषयच काढायचा नाही. तो आपोआप त्यांच्या कमरेवरून जाईल, आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही.

बोलायची वेळ आली होती ती सामेलमुळे. सामेल रेनडिअर मंडळाचा मुखिया. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता.

"अंतारसकाकांचा हात घसरतोय, बिरेत. गेल्या उन्हाळ्यात काही पाडसांना एक खाच जास्त पडली. डाव्या कानाला, मागच्या काठावर, अगदी मुळाशी."

एवढं बोलून तो थांबला होता. इतका वेळ, की बिरेतला वाटलं फोन तुटला.

"बिचारे बाबा," ती म्हणाली होती. "वय झालं आता."

"हं," सामेल म्हणाला होता. "वय तर झालंच."

मग त्याने नियम सांगितला, जणू तिला तो ठाऊकच नव्हता. कानावरच्या खाचा म्हणजे मालकाचं नाव. ज्या जनावराची खूण मंडळाच्या वहीत नाही, ते कुणाचंच नाही. ते मंडळाचं होतं आणि शरदात विकलं जातं. अंतारसची ती पाडसं तशीच गेली होती. तो कुंपणाला टेकून बघत उभा राहिला, म्हणे, आणि चकार शब्द बोलला नाही.

"यंदा त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी कापावं," सामेल म्हणाला होता. "नाहीतर मला सभेत सगळ्यांसमोर बोलावं लागेल. मला ते जमायचं नाही गं. तू लेक आहेस, तू बघ."

सगळ्यांसमोर! त्यापेक्षा त्यांना सरोवरात ढकललेलं परवडलं. ज्याने आयुष्यभर धावत्या पाडसाला एका फेकीत फासात धरलं, त्याला भर कुंपणात 'आता तुम्ही बाजूला बसा' असं ऐकवायचं. बिरेतने त्याच संध्याकाळी ईस्कोला फोन केला होता आणि सगळं जुळवून आणलं होतं.

"हा बघ," ईस्को आता म्हणत होता. "याला नाव ठेवून दाखव."

तो मोठा चाकू होता. हातभर नव्हे, पण वीतभराहून चांगला लांब. पाठ जाड, पोट किंचित खाली सुटलेलं, मूठ गाठाळ बर्चची, टोकाला शिंगाची टोपी. अंतारसने तो तळहातावर आडवा ठेवून तोल पाहिला. मग कोपऱ्यातलं एक लाकूड उचलून ओंडक्यावर उभं केलं. दोन घावांत त्याचे उभे चार तुकडे झाले. एका तुकड्याच्या कडेवरून त्याने पातं हलकेच ओढलं, आणि पातळ, लांब, गुंडाळत जाणारी ढलपी निघाली. त्याने ती उजेडात धरून पाहिली.

बिरेत उठून जवळ गेली.

"हाच घेऊ या, बाबा. माझ्याकडून."

"चांगला आहे," अंतारस म्हणाला.

"मग?"

"याने घर बांधता येईल. मला घर बांधायचं नाही." त्याने चाकू म्यानात सारला. "ईस्को, लहान कुठायत?"

ईस्को चुलीकडे वळला. किटली उतू चालली नव्हती, तरी त्याने ती उचलली.

"लहान संपले."

"संपले?"

"दोन मोठी गिऱ्हाइकं आली होती. जर्मन."

"ईस्को, तुझ्याकडचे लहान चाकू ज्या दिवशी संपतील ना, त्या दिवशी मी पोहत सरोवर ओलांडीन."

ईस्कोने कपात कॉफी ओतली, इकडच्या रीतीप्रमाणे तिच्यात चीजचे तुकडे टाकले, आणि मग करू नये ती गोष्ट केली. त्याने बिरेतकडे पाहिलं. उगीच, निमिषभर. पण सत्तरी गाठलेल्या ज्या माणसाने हजारांच्या कळपातून एक कान हेरण्यात जन्म घालवला, त्याच्या डोळ्यांतून असली नजर सुटायची नाही.

अंतारसने कप घेतला. बशीत कॉफी ओतली, फुंकली, प्यायला. भट्टीत कोळसा तडकला.

"तू फोन केलास का याला?" त्याने विचारलं. विचारलं लेकीला, पण बघत होता बशीकडे.

बिरेतला खोटं बोलता आलं असतं. वाटेत दोनदा तिने ते घोकलंही होतं.

"हो," ती म्हणाली.

"आणि तुला सामेलने केला."

"हो."

"काय म्हणाला?"

"हात घसरतो म्हणाला."

अंतारसने बशी खाली ठेवली आणि आपला उजवा हात समोर धरला. अर्धं आयुष्य बर्फगाडीचा थरथरता दांडा धरून धरून त्याच्या बोटांतली जाण गेली होती. जूनमध्येसुद्धा टोकं पांढरी होती. हात थरथरत होता. फार नाही, पण तिघांना दिसेल एवढा.

"घसरतो," तो म्हणाला. "त्यात खोटं काही नाही. आता काढ ते लहान."

ईस्कोने कुरकुरत भिंतीकडचा खण ओढला आणि कापडात गुंडाळलेले चाकू बाकावर मांडले. बेत फसला होता, आणि बाबांसमोर आपण चोरासारखे उघडे पडलो, याची तिला लाज वाटत होती. त्याहून जास्त रागही आला होता. एवढं कळतंय ना, हात घसरतो? मग हट्ट कशाला? चारचौघांत फजिती व्हायला हवीय का?

"माझं ऐकणार असशील तर हा," ईस्को आता थट्टा सोडून बोलत होता. लोहार धंद्यावर आला की त्याचा आवाज उतरायचा. "मूठ जाड आहे. बोटांना कळलं नाही तरी तळव्याला कळेल. मागे फुगीर ठेवलीय, म्हणजे ओली झाली तरी हातातून फिरणार नाही. पातं जरा रुंद. रुंद पातं सरळ जातं, थरथर खाऊन टाकतं. तुझ्या हाताला हाच."

"साल दे."

ईस्कोने बर्चची साल दिली. इथली पोरं कान कापायला सालीवरच शिकतात. दुमडून, कानाच्या आकाराची कापून घ्यायची, दोन कान करायचे, आणि आपली खूण उमटवायची. अंतारसने दोन कान कापून बाकाच्या काठावर धरले. उजव्याचं टोक तिरपं उडवलं, खाली एक खाच. डाव्याला पुढच्या काठावर दोन खाचा. चार घाव, अंतारसची खूण. बिरेत पाळण्यात होती तेव्हापासून ही खूण घरातल्या प्रत्येक लाकडी वस्तूवर होती.

खाचा वेड्यावाकड्या आल्या होत्या. एक तर नुसती फाटली होती.

बिरेतला एकाच वेळी बरं वाटलं आणि वाईटही. बघा, तिला म्हणायचं होतं, बघा ना स्वतःच. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर वाईट वाटल्याची खूण नव्हती. तो सालीकडे नाही, चाकूच्या टोकाकडे बघत होता.

"रुंद आहे," तो म्हणाला. "वळत नाही."

"तुला वळवायचंय काय? सरळ खाचा आहेत तुझ्या."

"तो दे. कडेचा."

"हा?" ईस्कोने तो उचललासुद्धा नाही. "अरे, हा म्यानाच्या चामड्याला भोकं पाडणाऱ्यांचा. मूठ बोटभर, पातं सुईवाणी. तुझ्या हातात हा जिवंत राहील का? जरा जोर गेला की मोडेल, आणि नाव माझं जाईल."

"दे."

ईस्कोने दिला. अंतारसने तो पुन्हा पुन्हा पकडून पाहिला, मुठीची जागा बदलली, शेवटी अंगठा पात्याच्या पाठीवर टेकवला. नवीन साल घेतली. मनगट बाकाच्या काठावर दाबून धरलं. श्वास सोडला आणि परत घेतलाच नाही.

उजव्याचं टोक. खालची खाच. डाव्याच्या दोन खाचा. त्याही काही धड नव्हत्या. मग त्याने डावा कान उलटा फिरवला, मागच्या काठावर, अगदी मुळाशी पात्याचं टोक टेकवलं, आणि एक बारीक, गोलसर खाच काढली. मसुराच्या दाण्याएवढी. टोकाने तिचा तुकडा उचकटून बाहेर घेतला. ही खाच स्वच्छ होती. कुठे फाटलेली नाही, कुठे धसमुसळी नाही.

"बाबा," बिरेत हळूच म्हणाली. लहान पोराला सांगावं तशी. "पाच झाल्या. हे बघा, हेच होतंय. आपली खूण चारांची."

ईस्कोने डोक्यावरची टोपी काढली आणि कशासाठी काढली ते न कळल्यासारखी हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिला. अंतारसने सालीचा तो बारका तुकडा तळहातावर घेतला आणि अंगातल्या जाकिटाच्या छातीवरच्या खिशात ठेवला. कुंपणात कान कापताना ठेवतात तसा. दिवसाच्या शेवटी ते तुकडे मोजले की किती पाडसांना खूण झाली ते कळतं. प्रत्येक जण आपापले तुकडे पँटच्या खिशात टाकतो.

पँटच्या. छातीवरच्या नव्हे.

नाताळात ती आली होती तेव्हा तिने हेच जाकीट धुतलं होतं. छातीवरच्या खिशात वाळून कडक झालेले, केसाळ, मसुराएवढे तुकडे निघाले होते. घाण म्हणून तिने ते केरात टाकले होते.

बिरेतने बाकावरची साल उचलली. डावा कान. मागचा काठ. मुळाशी. आणि मग तिला ते वाचता आलं, एकदम, विसरलेल्या भाषेतला शब्द वाचता यावा तसं. बाप आपल्या खुणेत एखादी खाच वाढवतो आणि ती खूण मुलाला देतो. योव्नाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी बाबांनी ही खाच वाढवली होती. योव्ना, तिचा धाकटा भाऊ, शाळेच्या बाकावर ही खूण कोरून मार खाऊन आलेला, पावाच्या तुकड्याला दातांनी ही खूण करून मगच तो खाणारा योव्ना. दोन वर्षांपूर्वी सरोवरावरच्या नव्या बर्फावरून बर्फगाडी घेऊन गेला आणि बर्फाने त्याला धरलं नाही. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

डाव्या कानाला, मागच्या काठावर, अगदी मुळाशी. सामेलने फोनवर अक्षर न् अक्षर सांगितलं होतं आणि तिची वाट पाहत थांबला होता. आणि ती म्हणाली होती, वय झालं.

ती साल घेऊन ओंडक्यावर बसली.

"सामेलला माहीत होतं," ती म्हणाली.

"सगळ्यांना माहीत आहे, पोरी," ईस्को खिडकीकडूनच बोलला. "कान बघून नाव सांगता आलं नाही तर आम्ही इथे करतो काय?"

"मग मला हात घसरतो असं का सांगितलं?"

"दुसरं काय सांगायचं? सांग ना. त्याला वाटलं, तू ओळखशील."

शहरात राहून माणूस पुष्कळ गोष्टी विसरतो, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण भावाचं नाव? ती स्वतःला माफ करायला तयार नव्हती, आणि त्या दोघा म्हाताऱ्यांपैकी कुणी तिला एका शब्दाने बोलत नव्हतं, हे जास्त लागत होतं.

खूण वहीतून काढायच्या कागदावर सही तिचीच होती. मंडळाकडून विचारणा आली, योव्नाची जनावरं बाबांच्या नावावर झाली, खुणेचं काम राहिलं नाही. त्या वेळी तिला वाटलं होतं, हे तरी आपण बाबांच्या डोक्यावरून उतरवू. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने सही केली, आणि बाबा समोर बसले होते.

"मी सही केली तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत, बाबा?"

"तू रडत होतीस," अंतारस म्हणाला.

मग बराच वेळ त्याने त्या बारक्या चाकूचं पातं कापडाने पुसलं. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं.

"पाडस आईच्या मागे येतं," तो शेवटी बोलू लागला, तुटक तुटक. "कुंपणात आपण उभे असतो. बघतो, कुठलं कुणाच्या मागे लागलंय. आईच्या कानावर जी खूण, तीच पाडसाला. एवढाच तर आमचा धर्म. तुला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या मादीचं पाडूस आपल्या खुणेने कापलं तर त्याला काय म्हणतात?"

"चोरी."

"मी जन्मात केली नाही. उपाशी होतो तेव्हाही नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या माद्या आल्या. कानावर त्याची खूण. मागे पाडसं. वही म्हणते, त्या आता माझ्या. वहीला काय जातंय म्हणायला? मी पाडूस धरलं, गुडघ्याखाली घेतलं, आणि..." त्याने हात झटकला. "नाही झालं. पोराचं पाडूस माझ्या नावाने कसं कापू?"

"पण ती विकली गेली, बाबा."

"गेली. जाऊ देत. मी चोरली नाहीत."

ईस्कोने नाक शिंकरलं, मोठ्याने, आणि भट्टीला शिवी दिली की धूर फार करते.

बिरेत उठली. अंतारसच्या हातातून तिने चाकू घेतला, त्याने दिला. तिने एक साल ओढली आणि दोन कान कापले. चार खाचा सहज आल्या. हात विसरला नव्हता, डोकंच विसरलं होतं. पाचवीला मात्र तिने टोक दाबलं आणि काठ आरपार गेला.

"एवढी खोल नाही," अंतारस म्हणाला. "हिवाळ्यात तिथून कान फाटतो."

तिने दुसरी साल घेतली. पण कापण्याआधी थांबली.

"वहीतून गेलेली खूण रक्ताच्या नात्यातल्या कुणी मागितली तर मिळते. ना, ईस्कोकाका?"

"मिळते. मागावी लागते. मागणाऱ्याला स्वतः मागावी लागते, दुसऱ्याला सुचवता येत नाही."

"मी मागते. खूण आणि त्या माद्या. माझ्या नावावर."

अंतारसने मान वर केली. आपण फार मोठं काही देतोय अशा थाटात बिरेत बोलली होती, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघताच तिच्या लक्षात आलं की आपण काहीतरी मागतोही आहोत.

"म्हणजे ती तुझी होईल," तो म्हणाला.

"हो."

"त्याची राहणार नाही."

इथे काहीतरी गोड बोलता आलं असतं. शहरातली माणसं बोलतात तसं, की तो आपल्यात आहेच, वगैरे. बिरेतने ते तोंडाशी आलेलं गिळलं.

"नाही राहणार," ती म्हणाली. "पण कानावर असेल. विकली जाणार नाही."

अंतारस उठून खिडकीपाशी गेला. तिथे ईस्को होता. दोघं खांद्याला खांदा लावून बाहेर बघत राहिले. बाहेर बघायला सरोवराशिवाय काही नव्हतं, आणि त्या सरोवराकडे बाबांनी दोन वर्षांत कधी असं उभं राहून बघितलं नव्हतं. बिरेत त्यांच्या पाठीकडे पाहत थांबली. त्यांनी नाही म्हटलं तर आपण काहीच बोलायचं नाही, असं तिने ठरवलं.

"खूण घेतली की दर उन्हाळ्याला यावं लागतं," तो न वळता म्हणाला.

"माहीत आहे."

"एक दिवस नाही. कळप येईल तेव्हा. दुकानाची रजा बघून कळप येत नाही."

"माहीत आहे, बाबा."

"डास असतात."

"बाबा, मी इथेच जन्मले."

"हं," तो म्हणाला. "विसरली असशील, म्हणून सांगितलं."

ते लागायचं तेवढं लागलं, पण बिरेतने ते घेतलं. तो टोमणा होता; आणि बाबा टोमणे आपल्या माणसालाच मारतात.

तो बाकाशी परत आला. बारक्या चाकूची मूठ त्याने बिरेतच्या मुठीत दोन-तीनदा फिरवून पाहिली, तिचा अंगठा धरून पात्याच्या पाठीवर नीट बसवला, मग ईस्कोकडे वळला.

"हिच्या मानाने मूठ आखूड आहे. जरा लांब करून दे."

"आणि तुला?"

"मला तो मोठा. कुंपणापाशी दिवसभर कॉफी उकळायची म्हटल्यावर लाकडं कुणी फोडायची? तुझ्या जर्मनांनी?"

ईस्कोने मोठा चाकू उचलला आणि म्यानासकट त्याच्यापुढे ठेवला.

बिरेतने मनगट काठावर दाबून धरलं आणि श्वास रोखला. टोक. खालची खाच. पुढच्या काठावर दोन. मग कान उलटा फिरवून मुळाशी, अलगद, गोल वळवत. तुकडा सुटून आला. तिने दोन्ही कान बाबांपुढे धरले.

अंतारसने ते घेतले, काठावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. बोटांना काही कळत नव्हतं. मग त्याने साल ओठांना लावली. डोळे मिटून, हळूहळू, काठाकाठाने तो ओठांनी वाचत गेला. उजवा कान झाला. डाव्याच्या पुढच्या दोन झाल्या. मागच्या काठावर, मुळाशी येऊन तो थांबला.

"योव्ना," तो म्हणाला.

बिरेतने डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांना सालीचा भुसा लागला होता.

अंतारसने डोळे उघडले आणि समोर उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं.

"सवय करावी लागेल," तो म्हणाला. "सगळ्यांनाच. घे, दुसरी साल घे."